तापलेली डिस्क गार कशी करायची

चाकाच्या आत हा जो लालसर गोल दिसतोय ना, ती ब्रेकची डिस्क. बिडाची डिस्क अंधारात अशी लाल दिसायला लागली म्हणजे तापमान 500 डिग्रीच्या आसपास पोचलंय समजा.

आता हिशोब बघा, दीड हजार किलोची स्पोर्ट्स कार ताशी 200 वरून थांबवायची तर साधारण 23 लाख ज्यूल ऊर्जेची काही सेकंदांत उष्णता होते, तेवढ्यात सात लिटर पाणी उकळीला येईल. ताशी 100 वरून थांबवली तर याच्या पावपटच. रेसच्या ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला, म्हणजे प्रत्येक फेरीला, परत परत, डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही, मग डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडची पकड जाते नाहीतर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल सरळ खाली जातं. नवीन डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा ओढतं, आणि मग हीच मर्यादा 155 पर्यंत उतरते!

अपग्रेड म्हटलं की बहुतेक जण भोकंवाली डिस्क घेतात, दिसते भारीच, पण ट्रॅकसाठी मी तरी ती सुचवणार नाही. भोकं पाडली म्हणजे उष्णता साठवणारं बीड कमी झालं, शिवाय तडे जातात ते भोकांच्या कडेपासूनच. चरे असलेली डिस्क घ्या, पॅडचा पृष्ठभाग साफ राहतो.

खरी गंमत मात्र डिस्कच्या कडेवरून आत डोकावलं की दिसते. दोन पृष्ठभागांच्या मधे ही वाकडी पाती आहेत बघा, डिस्क फिरली की मधून हवा ओढायची आणि कडेनं बाहेर फेकायची हे यांचं काम. गाडी पुढे जाताना पाती मधून कडेकडे मागे झुकलेली पाहिजेत, म्हणून डावी डिस्क वेगळी आणि उजवी वेगळी, आणि बसवताना चरे कुठल्या दिशेला आहेत ते बघू नका, पाती बघा. उलटी बसली तर हवा कमी खेचली जाते, म्हणजे पैसे घालून कूलिंग घालवलं.

बजेट असेल तर दोन भागांची डिस्क घ्या, मधला भाग अॅल्युमिनियमचा, बाहेरची बिडाची रिंग तापली की तिला फुगायला जागा मिळते, वजनही कमी.

आणि हवेची नळी! बंपरमधून आणलेली हवा डिस्कच्या मधोमध सोडायची, म्हणजे ती पात्यांमधून जाते. नुसती एका बाजूवर मारली तर ती बाजू गार, दुसरी तापलेली, आणि डिस्क वाकायला तेवढं पुरतं.

बसवण्याआधी हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागावरचा, गंज ब्रशनं पूर्ण काढा, नाहीतर डिस्क तिरकी बसून पेडल थरथरतं. आणि ट्रॅकवरून लगेच आत येऊ नका, एक लॅप ब्रेक जवळजवळ न लावता हळू मारा, थांबल्यावर पेडलवरचा पाय काढा.