ऊन कुठून येतंय, ते आधी बघा

नमस्कार मंडळी.

फोटोग्राफीच्या बहुतेक पुस्तकांत 'गोल्डन अवर' भेटतो, आणि आपली समजूत होते की सकाळ-संध्याकाळ एकेक तास सोनेरी उजेड मिळणारच. ती पुस्तकं बहुधा उत्तरेकडच्या देशांत लिहिलेली. तिथला सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. इथं सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला चौदा अंशांच्या आसपास. क्षितिजावरच्या शेवटच्या सहा अंशांत जो मऊ पिवळा उजेड असतो, तो जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतो. पन्हाळ्यावर गाडी लावून तीन दरवाजापाशी ट्रायपॉड उभा करेपर्यंत तो संपलेलाही असतो. पावसाळ्यात तर तेवढाही बहुतेक दिवस दिसत नाही. नुसती सोनेरी उजेडाची वाट बघायची ठरवली, तर आपला कॅमेरा वर्षातला बराच काळ कपाटातच राहील. मला हे अजिबात पटत नाही. धुकं, झाकोळ, टळटळीत दुपार हा आपल्या मुलखाचा उजेड आहे, आणि याच मुलखाचे फोटो आपल्याला काढायचे आहेत.

धुक्यापासून सुरुवात करू. जुलैत पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या पठारावर उभं राहिलं की पन्नास पावलांपलीकडचं काही दिसत नाही. फोटो काढला तर तो मळकट, राखाडी. यात बिघाड कसलाच नाही. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर जे असेल ते मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. समोर पांढरं धुकं आलं की ते त्यालाही करडं करून टाकतं. म्हणून धुक्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण केलेली दुरुस्ती, एक स्टॉप वर न्या (एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट), कधी दीडसुद्धा. हिस्टोग्रामचा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणाऱ्या आलेखाचा, उंचवटा मध्याच्या उजवीकडे असला पाहिजे, पण उजव्या भिंतीला टेकता कामा नये. धुक्यात ऑटोफोकसही चाचपडतो, कारण त्याला पकडायला कडा लागते आणि तीच धुक्यानं पुसलेली असते. एखाद्या खोडाच्या काठावर फोकस धरा आणि मग मॅन्युअल करा.

पण हे झालं यंत्राचं. धुक्यात फोटोला खोली येते ती थरांमुळे. प्रत्येक पन्नास-शंभर फुटांमागे धुक्याचा एक पडदा वाढतो आणि मागची वस्तू फिकी होत जाते. म्हणून जवळ काहीतरी काळं हवं: भिजलेलं खोड, बुरूज, नाहीतर डोक्यावर इरलं घेतलेला माणूस. त्याच्यामागे जरा फिकं झाड, त्याच्यामागे आणखी फिकं. जवळचा काळा नसेल तर मागचं सगळं एकाच पांढऱ्यात विरून जातं. आणि घरी आल्यावर सॉफ्टवेअरमधल्या धुकं काढायच्या पट्टीला हात लावू नका. ज्या धुक्यासाठी आपण भिजलो, तेच आपण पुसून टाकतो.

पावसात हिरवा रंग पांढरट दिसतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ओल्या पानावर आभाळाची चकाकी बसलेली असते. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावून फिरवला की ती उतरते आणि दाजीपूरचं जंगल एकदम गडद होतं. त्याची किंमत म्हणजे दीड-दोन स्टॉप उजेड कमी, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवा. रंकाळ्याचं थोडक्यात सांगतो. चौपाटीवरून शालिनी पॅलेसच्या मागे मावळतीचं आभाळ घेताना ग्रॅज्युएटेड फिल्टर, म्हणजे आभाळ दाबण्यासाठी वरचा अर्धा भाग काळपट असलेली काच, जपून वापरा. पाण्यातलं प्रतिबिंब आभाळापेक्षा नेहमी थोडं काळं असतं. फिल्टरच्या नादात ते आभाळापेक्षा उजळ झालं, की बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी फोटो खोटा वाटतो.

आता खिद्रापूर. अवघड उजेडासाठी आपल्या जिल्ह्यात कोपेश्वर मंदिराएवढी चांगली शाळा मला माहीत नाही. शिलाहारांच्या काळातलं हे काम. समोरच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल उघडीक आहे, आणि तिच्या बरोबर खाली गोल शिळा. दुपारी त्या उघडिकीतून ऊन आत येतं, तेव्हा शिळा पांढरीफटक आणि खांब काळेठिक्कर. आपला डोळा एकदा शिळेकडे, एकदा खांबाकडे असा फिरून दोन्ही पाहून घेतो. कॅमेऱ्याला एकाच झटक्यात सगळं धरायचं असतं. चांगला सेन्सर बारा-चौदा स्टॉपचा पल्ला झेलतो, पण कागदावर छापताना त्यातलं पुष्कळ सोडावंच लागतं. म्हणून काय सोडायचं हे तिथं उभं असतानाच ठरवा. शिळेवरचं ऊन जळू देऊ नका, एक्स्पोजर तिच्यावर धरा, रॉमध्ये (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) घ्या आणि खांबांच्या मागचा काळोख काळोखच राहू द्या. सगळ्या सावल्या उपसून उजेडात आणल्या, तर देवळाची खोली जाते आणि मंगल कार्यालय उरतं.

तिथंच थोडा वेळ थांबलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. शिळेवर पडलेलं ऊन उलटून वर जातं आणि उघडिकीच्या कडेला कोरलेल्या दिक्पालांना खालून उजळतं. फरशीच रिफ्लेक्टर होते. जी दुपार आपण वाया गेली म्हणतो, तीच या कोरीवकामाची वेळ आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत साडेबाराच्या सुमारास उघडिकीतलं ऊन सरळ खाली उतरतं. उन्हाळ्याची दुपार नको म्हणून आपण घरात बसतो तेव्हाच.

सूर्याचा हा हिशेब कोल्हापूरकरांना नवा नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण लहानपणापासून बघतो. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. आभाळ आलं किंवा वाटेत काही आडवं आलं, की किरण अर्ध्यातच थांबतात. तारखा दोनदा येतात, कारण २१-२२ डिसेंबरला दक्षिणेकडचं टोक गाठून सूर्य त्याच वाटेने परत फिरतो. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी तो कोन पाहून ठेवला होता. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ परिसराची निसर्गचित्रं रंगवली, तीही असाच उजेड निरखून. फोटोग्राफरची वही याहून वेगळी नसावी. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या बाजूने ऊन आलं, एवढं लिहा. सेटिंग तर फाइलमध्ये आपोआप नोंदलं जातं.

म्हणून दहा नोव्हेंबरची संध्याकाळ पन्हाळ्यावर हुकली, तर एक फेब्रुवारीला या. सूर्य त्याच जागी मावळेल. हवा मात्र तीच नसेल. पावसाळा नुकताच सरलेला असल्यानं नोव्हेंबरात बहुधा हवा धुतलेली असते, लांबचे डोंगर रेघेसारखे स्पष्ट दिसतात. फेब्रुवारीत जाळलेल्या पाचटाचा आणि गुऱ्हाळांचा धूर, वर धूळ, त्यामुळे सूर्य लाल होतो आणि डोंगर एकामागे एक फिके होत जातात. मसाईच्या धुक्याला लावलेला जवळच्या काळ्याचा नियम तिथंही लावून बघा. फक्त एक्स्पोजर या वेळी वर नेऊ नका, उलट अर्धा स्टॉप खाली आणा, म्हणजे सूर्याभोवतीचा लाल रंग टिकेल.