काकूंचं मत हिलरींना, माझं ओबामांना

(अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. कार्यकारिणीने तशी विनंती केली आहे आणि ती रास्त आहे. आपलं मंडळ करमुक्त संस्था आहे. कायद्याने मंडळाला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, या व्यासपीठावरूनही नाही. त्यामुळे येणाऱ्या निवडणुकीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. मी बोलणार आहे ते २००८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीबद्दल, म्हणजे त्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मतदारांनी ठरवायच्या निवडणुकीबद्दल. तेव्हा मी बराक ओबामांच्या बाजूने होते आणि माझ्या इथल्या बहुतेक मैत्रिणी हिलरी क्लिंटन यांच्या.

आम्ही भारतातून आलो ते ‘तिकीट’ हा शब्द घेऊन. तिकीट कोणाला हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, यादी दिल्लीहून येते, ज्याचं नाव यादीत नसतं तो बंडखोरी करतो आणि अपक्ष उभा राहतो. इथे तिकीट वाटायचं काम मतदारांकडे आहे, हे मला नागरिकत्व मिळाल्यावरही बरेच दिवस नीट उमगलं नव्हतं. न्यू जर्सीत तर ज्याने कुठल्याच पक्षात नाव नोंदवलेलं नाही, तोही प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगून मत देऊ शकतो. एरवी आपल्या राज्याची प्रायमरी जूनमध्ये व्हायची आणि तोवर सगळं ठरून गेलेलं असायचं. त्या वर्षी ती ५ फेब्रुवारीला आणली होती. माझं ते पहिलंच मत, आणि नेमक्या त्याच वर्षी आपल्या राज्याच्या मताला किंमत आली होती.

जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. ३ तारखेला आयोवात ओबामा जिंकले होते, ८ तारखेला न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरींनी बाजी उलटवली होती. पंधरा-सोळा जणी जमलो होतो. वाण देता देता कोणीतरी विचारलं, आणि मी सांगून टाकलं, माझं मत ओबामांना. एकदम शांतता झाली. मग काकू म्हणाल्या, “पन्नास वर्षं वाट बघितली गं आम्ही. आणि आता तू म्हणतेस थांबा?”

काकूंचं नाव मी घेत नाही, जुन्या सभासदांना ते ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात त्या इथे आल्या. प्रयोगशाळेत नोकरी केली. आपणच शिकवलेल्या मुलांना आपल्याआधी बढती मिळताना त्यांनी पाहिली. हिलरी त्यांच्यासाठी नुसत्या उमेदवार नव्हत्या. १९९५ साली त्या अहमदाबादला जाऊन ‘सेवा’ संघटनेच्या कष्टकरी बायकांमध्ये बसल्या होत्या, त्याच वर्षी बीजिंगला स्त्रियांचे हक्क म्हणजे मानवी हक्कच असं ठणकावून बोलल्या होत्या. २००४ मध्ये सेनेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, भारतमित्र गट सुरू करणाऱ्यांत त्या होत्या. काकूंना हे सगळं तारीखवार पाठ होतं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं.

उलट ओबामांच्या प्रचाराने आपल्या लोकांना दुखावलं होतं. जून २००७ मध्ये त्यांच्या कार्यालयातून पत्रकारांना एक टिपण गेलं. सेनेटरच्या नावापुढे पक्ष आणि राज्य लिहायची पद्धत आहे. त्या टिपणात हिलरींच्या नावापुढे न्यू यॉर्कऐवजी ‘पंजाब’ लिहिलं होतं. भारतीय वंशाच्या लोकांकडून त्यांनी निधी घेतला, भारतीय कंपनीत क्लिंटन पती-पत्नींची गुंतवणूक होती, असा एकूण रोख. मूळ विनोद हिलरींनीच एका शीख यजमानांच्या घरी स्वतःबद्दल केला होता. पण प्रेमाने केलेला विनोद कोणी शस्त्र म्हणून वापरला की त्याची चव बदलते. मी ते वाचलं तेव्हा मला लागलं. आपण कर भरतो, मुलं इथे वाढवतो, आणि आपल्याशी असलेली ओळख उमेदवाराला लाज म्हणून चिकटवली जाते?

पण त्यानंतर जे झालं त्यावर माझं मत ठरलं. काही दिवसांतच ओबामा म्हणाले, ही मूर्खपणाची चूक होती. टिपण आपण आधी पाहिलं नव्हतं हे त्यांनी सांगितलं, पण जबाबदारी हाताखालच्या मुलांवर ढकलली नाही. दक्षिण आशियाई समर्थकांना पत्र लिहून चूक स्वतःकडे घेतली.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २००२ मध्ये सेनेटने राष्ट्राध्यक्षांना इराकवर लष्करी बळ वापरायचा अधिकार दिला, ७७ विरुद्ध २३ मतांनी. हिलरींचं मत त्या ७७ मध्ये होतं. गुप्तचर खात्यांचा सुमारे ९० पानांचा अहवाल सेनेटरांसाठी ठेवलेला होता. तो आपण स्वतः पूर्ण वाचला नव्हता, त्याची माहिती आपल्याला दिली गेली होती, असं त्यांनीच नंतर सांगितलं. इराकला सैन्य गेलं. माझ्या मुलीच्या शाळेसमोरच्या घरातला मुलगा गेला. तो परत आला, पण पूर्वीचा राहिला नाही. त्या घरावरून मी रोज दोनदा जात असे.

फेब्रुवारी २००७ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरींना विचारलं गेलं, ते मत चूक होतं असं म्हणाल का? त्या म्हणाल्या, ज्यांच्यासाठी तसं मत न दिलेला किंवा चूक म्हणणारा उमेदवारच सर्वांत महत्त्वाचा आहे, त्यांच्यापुढे इतर पर्याय आहेत. मी दुसरा पर्याय निवडला. ओबामांनी २ ऑक्टोबर २००२ ला शिकागोच्या चौकात उभं राहून या युद्धाला विरोध केला होता.

काकूंचा यावरचा प्रतिवाद तगडा होता, तो मी आजही खोडू शकत नाही. त्या म्हणाल्या, “तो तेव्हा सेनेटमध्ये होता का? राज्याच्या विधिमंडळात बसून युद्धाला नको म्हणायला काय जातं? हिच्या राज्यात ते दोन मनोरे पडले होते.” खरं आहे. आणि त्या मतदानात विरोधात उभे राहिलेले आपल्या न्यू जर्सीचे जॉन कॉर्झाइन २००८ मध्ये गव्हर्नर म्हणून हिलरींच्याच पाठीशी होते. म्हणजे त्या एका मतावरून प्रत्येकाने माझ्यासारखाच निष्कर्ष काढला असं नाही.

आरोग्यविम्याच्या बाबतीत तर माझा उमेदवार चुकला, असं मी आज म्हणते. प्रत्येकाने विमा घेणं सक्तीचं असावं, नाहीतर निरोगी माणसं बाहेर राहतात आणि आजाऱ्यांचा हप्ता वाढतो, हे हिलरी सांगत होत्या. ओबामा प्रौढांसाठी ती सक्ती नको म्हणत होते. २०१० मध्ये त्यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात ती सक्ती होती.

५ फेब्रुवारीला सकाळी मी मत दिलं. त्याच दिवशी मॅनहॅटनमध्ये जायंट्स या फुटबॉल संघाची विजययात्रा होती. गाड्या निळ्या जर्सींनी भरून चाललेल्या, आणि मी मात्र केंद्राबाहेर थंडीत उगाच पाच मिनिटं उभी राहिले, कारण लगेच घरी जावंसं वाटेना. रात्री आकडे आले. न्यू जर्सीत हिलरींना ५४ टक्के, ओबामांना ४४. आपल्याकडच्या निवडणुकीसारखं यात सगळं जिंकणाऱ्याच्या झोळीत जात नाही. डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटले जातात, ५९ त्यांना, ४८ आम्हाला. मी दारोदार फिरले होते, ते त्या ४८ मध्ये कुठेतरी होतं.

दारोदार फिरताना आपल्याच लोकांच्या घरांत मी काय काय ऐकलं तेही सांगायला हवं. “काळा माणूस? कोण निवडून देणार त्याला?” हे वाक्य मी मराठीत ऐकलं, चहाचा कप हातात घेऊन. ज्यांना इथे स्वतःच्या रंगाबद्दल ऐकून घ्यावं लागलं होतं त्यांच्या तोंडून ऐकलं. मी त्यांना उत्तर दिलं, प्रत्येक वेळी दिलं.

पण आमच्या बाजूचे पुरुष हिलरींच्या हसण्यावर, आवाजावर, सुटांवर बोलायचे, तेव्हा मी काहीच बोलले नाही. न्यू हॅम्पशायरच्या सभेत दोघांनी उठून त्यांना ‘माझा शर्ट इस्त्री कर’ असं ओरडून सांगितलं. आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत त्यावर हशा पिकला, आणि मी खाली मान घालून याद्या लावत बसले. मला वाटलं, आता तोंड उघडलं तर आपली माणसं नाराज होतील. काकूंच्या कानावर ते गेलं. मार्च ते मे त्यांनी माझा फोन घेतला नाही. मी ज्या एका गोष्टीवरून उमेदवार निवडला होता, चूक झाली तर ती म्हणावी, तीच मला जमत नव्हती.

३ जूनला ओबामांकडे डेलिगेटांचं बहुमत झालं. ७ जूनला, शनिवारी, हिलरी वॉशिंग्टनमध्ये माघारीचं भाषण करणार होत्या. मी न कळवता काकूंच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच म्हटलं, “काकू, मी ओबामांना मत दिलं त्याची माफी मागत नाही. ते हसले तेव्हा मी गप्प बसले त्याची मागते.” त्या बाजूला सरकल्या. आम्ही दोघींनी भाषण पाहिलं. बायकांना वर जाऊ न देणाऱ्या काचेच्या छताला १ कोटी ८० लाख तडे गेलेत, असं हिलरी म्हणाल्या तेव्हा काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग ओबामांना निवडून द्या असं हिलरींनी सांगितलं, तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. नोव्हेंबरात त्यांनी कोणाला मत दिलं हे मी कधी विचारलं नाही.

२०१४ मध्ये हिलरींनी आपल्या आठवणींत लिहिलं, की इराकबाबत आपण चुकलो, साधं आणि स्पष्ट. मी ते पान काकूंना फोनवर वाचून दाखवलं. “उशीर केला तिने,” काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण केलं.”

२०१६ ची आपली प्रायमरी पुन्हा जूनमध्ये होती, आणि तारीख आली ती ७ जूनच. हिलरी पुन्हा उभ्या होत्या, आणि माझी मुलगी त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्यासाठी फोन करत होती. घरात वाद झाले, मोठे झाले, मी तिला तिच्या उमेदवारापासून वळवलं नाही. दुपारी मी गाडी काढली आणि काकूंकडे गेले. तेव्हा त्यांचे गुडघे अगदीच साथ देत नव्हते. त्यांनी मोतिया रंगाची साडी नेसली होती, आणि हातात मतदानाचं नमुनापत्र, खुणा करून ठेवलेलं. केंद्रावर पायऱ्या होत्या. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चढल्या, आधी त्या आत गेल्या, मग मी. त्या दिवशी आमच्या दोघींचं मत एकच होतं.