पत्रा, प्रकाश आणि चष्मा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्यांच्यासाठी विजेच्या पॅनेलच्या पेट्या, स्टीलच्या टाक्या, ब्रॅकेट घडतात ते छोट्या गाळ्यांमध्ये. काम बहुतेक पातळ पत्र्याचं. उष्णता जरा जास्त झाली की पत्रा ओढला जातो, दार चौकटीत बसत नाही. मग हातोडा आणि ग्राइंडर.

आता हा जोड बघा. ग्राइंडर लागलाच नाही. हे लेझर वेल्डिंग.

इटर्बियम हा धातू मिसळलेल्या काचेच्या तंतूत प्रकाश तयार होतो, केबलमधून गनपर्यंत येतो आणि मिलिमीटरहून लहान ठिपक्यात एकवटतो. तिथं चौरस सेंटिमीटरला साधारण १० लाख वॅट इतकी तीव्रता झाली, की स्टील वितळतंच, त्याची वाफही होते. वाफेच्या दाबानं बारीक, खोल भोक पडतं आणि प्रकाश त्याच्या भिंतींवर आपटत तळ गाठतो. गन पुढे सरकते, मागे वितळलेला धातू भरून येतो, गोठतो. शेजारचा पत्रा फारसा तापत नाही, म्हणून ओढलाही जात नाही.

पण फट लेझरला चालत नाही. टिगचा, म्हणजे विजेच्या ठिणगीवर जोडणारा, वेल्डर तार देत फट भरून काढतो. इथं ठिपका फटीतून आरपार निघून जातो. तार न देता जोडायचं तर फट पत्र्याच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आत हवी. म्हणजे जोडाचा दर्जा ठरतो आधीच, कटिंगला आणि बेंडिंगला.

तांब्याची गोष्ट वेगळी. तांबट लेनच्या या नाशकात तांबं कुणाला नवं नाही, पण हा प्रकाश पडला की थंड तांबं त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त परतवून लावतं. त्यासाठी आता निळे लेझर आले आहेत.

परतणारा प्रकाश, हीच सगळ्यात मोठी काळजी. सुमारे १०७० नॅनोमीटरचा हा किरण दिसत नाही. डोळा मिटत नाही, आणि बुबुळामागचं भिंग तोच किरण पडद्यावर एकवटतं. चकचकीत स्टीलवरून उसळलेला किरण पुरतो. गेलेली नजर परत येत नाही. वेल्डिंगची नेहमीची काळी काच यासाठी बनलेली नाही. त्याच तरंगलांबीचा चष्मा हवा, कामाभोवती बंद केबिन हवी, दार उघडताच किरण थांबायला हवा. यंत्राच्या किमतीत हा खर्च धरलाच पाहिजे. आणि केबिन नसेल, तर चष्मा नुसता वेल्डरला पुरत नाही. शेजारच्या ड्रिलवरच्या माणसालाही लागतो, चहा घेऊन आलेल्यालाही.