दिशांचे राखणदार

(दृश्य : तिन्हीसांज. उंबरठ्याबाहेर एक म्हातारा हात कणकेचा दिवा ठेवतो.)

धनत्रयोदशीची संध्याकाळ. दारात रांगोळी पडलीय, आकाशकंदील लागलाय. आजीच्या हातात मात्र पणती नाही. कणकेचा गोळा, त्याला अंगठ्यानं दाबून केलेला खळगा, खळग्यात तेल आणि तेलात एकच वात. उंबरठ्याबाहेर ठेवल्यावर ती तो दिवा दोन बोटांनी हळूच फिरवते. वातीचं तोंड दक्षिणेला आलं की हात जोडते.

एरवी हीच आजी दिव्याचं तोंड दक्षिणेला होऊ देत नाही. दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसलं तर पाट उचलायला लावते. आजचा दिवा यमाचा आहे, आणि यम दक्षिणेला राहतो. घरात, देवासमोर, याच संध्याकाळी कुबेराचीही पूजा होते. कुबेर उत्तरेचा. एका घरात, तासाभराच्या आत, पृथ्वीच्या दोन टोकांच्या राखणदारांची आठवण काढून होते. कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय.

(दृश्य : वर्तमानपत्राची पानं, रेडिओवरचं हवामानवृत्त.)

आपण या देवांची नावं रोज घेतो. ‘नैऋत्य मोसमी वारे केरळात दाखल’ ही बातमी जूनच्या तोंडावर येते. ‘आग्नेय आशिया’, ‘ईशान्य भारत’ हे शब्द तर बारमाही. वायव्य सरहद्द प्रांत आपण शाळेत पाठ केला. अग्नी, निर्ऋती, वायू, ईशान. चार कोपऱ्यांतल्या चार देवता आपल्या तोंडी आहेत, फक्त त्या देवता आहेत हे आपण विसरलोय.

मुख्य चार दिशांची नावं मात्र माणसाच्या शरीरावरून पडली आहेत. सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर, आधी, ती पूर्वा. पाठीमागे पश्चिमा. उजव्या हाताला दक्षिणा. डाव्या हाताला, वर हिमालयाकडे चढत जाणारी, उत्तरा. शरीराला चारच बाजू, त्यामुळे कोपऱ्यांना नाव उरलं नाही. ती नावं देवांनी दिली.

आठ दिशांच्या राखणदारांची, म्हणजे दिक्पालांची, नेहमीची यादी अशी. पूर्वेला ऐरावतावरचा इंद्र, आग्नेयेला मेंढ्यावरचा अग्नी, दक्षिणेला रेड्यावरचा यम. नैऋत्येला माणसावर बसलेला निर्ऋती. पश्चिमेला मकरावरचा वरुण, वायव्येला हरणावरचा वायू, उत्तरेला कुबेर, ईशान्येला नंदीवरचा ईशान. वर ब्रह्मा आणि खाली अनंत धरले, की दहा होतात.

ही यादी जन्मापासून अशी नव्हती, आणि तिच्या आधीची यादी मला जास्त आवडते.

(दृश्य : पहाटेचं शेत. बांधावरून सरपटत जाणारा साप.)

अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातलं सत्ताविसावं सूक्त सहा दिशांना नमस्कार करतं. तिथं प्रत्येक दिशेला तीन गोष्टी आहेत : एक अधिपती, एक रक्षिता आणि बाण. पूर्वेचा अधिपती आहे अग्नी. इंद्र दक्षिणेला बसलाय. उत्तरेला सोम आहे; कुबेराचा पत्ताच नाही. आपल्या ओळखीच्या जागी सापडतो तो फक्त पश्चिमेचा वरुण. आणि राखणदार म्हणून कोण उभं आहे? साप. पूर्वेला काळा साप, दक्षिणेला आडव्या पट्ट्यांचा, पायाखालच्या दिशेला ठिपक्यांच्या मानेचा, डोक्यावरच्या दिशेला पांढरा. पश्चिमेचे बाण म्हणजे अन्न. पायाखालच्या जमिनीचे बाण म्हणजे वनस्पती. आणि आकाशाचे बाण? पाऊस.

पावसाच्या सरीला बाण म्हणणारा तो कवी शेतकऱ्यांमध्ये वाढलेला असावा असं मला वाटतं. सापाला घाबरणं आणि त्यालाच राखणीला बसवणं हेही शेतावर राहणाऱ्या माणसाचं शहाणपण. आपल्याकडे बांधावरच्या वारुळाला नागपंचमीला हात जोडतात, ते आठवून पाहा.

पुढे जागा बदलत गेल्या. मनुस्मृतीत राजाची घडण आठ लोकपालांच्या, म्हणजे याच राखणदार देवांच्या, अंशांतून झाल्याचं सांगितलंय, पण तिथं निर्ऋती आणि ईशान नाहीत. त्यांच्या जागी सूर्य आणि चंद्र आहेत. पुराणांच्या आणि शिल्पशास्त्राच्या काळात यादी हळूहळू पक्की झाली.

या सगळ्यांत निर्ऋतीचा प्रवास मनाला लागतो. ऋग्वेदात ती देवी आहे. ऋत म्हणजे विश्वाची घडी. ती घडी विस्कटणं म्हणजे निर्ऋती. नाश, दैन्य, मरण. तिनं दूर जावं म्हणून ऋषी विनवणी करतात. नंतरच्या शिल्पांत ही बाई राहतच नाही, हाती तलवार घेतलेला पुरुष तिच्या जागी येतो. तिला मिळालेला कोपरा कोणता, तर नैऋत्य. ज्या कोपऱ्याला आपल्या पूर्वजांनी विनाशाचं नाव दिलं, त्याच कोपऱ्यातून दर वर्षी आपला पाऊस येतो. कोकणातल्या माणसाला विचारा, मृग लागल्यावर तो कुठल्या आभाळाकडे डोळे लावून बसतो.

(दृश्य : भुवनेश्वर, राजाराणी मंदिर. सकाळचं ऊन पिवळसर तांबड्या दगडावर.)

दगडात हे राखणदार पाहायचे तर ओडिशात भुवनेश्वरला जायला हवं. अकराव्या शतकातलं राजाराणी मंदिर. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. पण बाहेरून प्रदक्षिणा घालायला लागलं, की प्रत्येक कोपऱ्यावर आपापल्या दिशेला तोंड करून एकेक दिक्पाल उभा आहे. अग्नी दाढीवाला, पोट सुटलेला, मागे ज्वाळा. निर्ऋतीच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात केसांनी धरलेलं मुंडकं, पायाखाली आडवा पडलेला माणूस. आणि पश्चिमेकडे वरुण. हातात पाश, पायाशी मकर. अंगावरचं वस्त्र इतकं झिरझिरीत, की ते दगडाचं आहे हे हात लावून पाहावंसं वाटतं. ज्याच्या पाशाला वेदात पापी माणूस थरथरायचा, तो इथं इतका मऊ, इतका शांत उभा आहे. खजुराहोच्या मंदिरांतही कोपऱ्याकोपऱ्यांवर हे आठ जण भेटतात, पण माझं मन राजाराणीच्या वरुणावरून हलत नाही.

देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच ते का? कारण राखणदार घरात झोपत नाही. गोव्यात आणि तळकोकणात गावाच्या वेशीवरच्या देवाला ‘राखणदार’च म्हणतात.

(दृश्य : कोलकात्याचं इंडियन म्युझियम. भारहूतच्या कठड्याचे खांब.)

आता त्याहून हजारेक वर्षं मागे जाऊ. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत नावाचं गाव आहे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमला १८७३ मध्ये तिथं एका मोडक्या स्तूपाचे अवशेष सापडले. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं काम. त्याचा दगडी कठडा आज कोलकात्यात आहे. त्याच्या एका खांबावर एक पुरुष हात जोडून उभा आहे. डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने, पायाखाली एक वाकलेली बुटकी आकृती. बाजूला ब्राह्मी अक्षरं कोरली आहेत : ‘कुपिरो यखो’. कुबेर यक्ष. तो उत्तरेच्या दारावर होता. दक्षिणेच्या दारावर ‘विरुदको यखो’. विरूढक.

बुद्धाच्या स्तूपाला राखायला कुबेर कसा आला?

बौद्ध परंपरेत दिशांचे राखणदार चार आहेत, चार महाराज. पूर्वेला धृतराष्ट्र, गंधर्वांचा राजा. दक्षिणेला विरूढक, कुंभांड नावाच्या भुतांचा. पश्चिमेला विरूपाक्ष, नागांचा. उत्तरेला वैश्रवण, यक्षांचा. वैश्रवण म्हणजेच विश्रव्याचा मुलगा, आपला कुबेर. दोन्ही परंपरांत त्याची दिशा एकच.

बुद्धाला ज्ञान झाल्यावर तपुस्स आणि भल्लिक हे दोन व्यापारी त्याच्यापाशी आले, आणि त्यांनी सत्तूचं पीठ आणि मधाचे लाडू पुढे केले. घ्यायचं कशात? हातात तर घेता येत नाही. तेव्हा चारी दिशांचे राजे चार दगडी पात्रं घेऊन हजर झाले. एकाचं घेतलं तर तिघं दुखावतील. बुद्धानं चारही पात्रं घेतली, एकात एक ठेवली आणि त्यांचं एक पात्र झालं. पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान हा चिनी भिक्षू पुरुषपुरात, म्हणजे आजच्या पेशावरला, पोचला. तिथं पूजेत असलेलं बुद्धाचं पात्र त्यानं पाहिलं आणि लिहून ठेवलं, की चार पात्रांचे सांधे त्याच्यावर स्पष्ट दिसतात.

बुद्धाच्या हयातीतच एकदा हेच वैश्रवण राजगृहाच्या गृध्रकूट टेकडीवर त्याला विनवतात : रानावनात राहणाऱ्या तुमच्या भिक्षूंना काही यक्ष त्रास देतात, त्यांच्यासाठी ही रक्षणाची गाथा घ्या. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं हे आटानाटिय सुत्त. यक्षांपासून वाचवणारा मंत्र यक्षांचा राजाच देतो. श्रीलंकेत आणि थायलंडमध्ये भिक्षू ते आजही म्हणतात.

(दृश्य : चिनी विहाराचं पहिलं दालन. दोन्ही बाजूंना चार प्रचंड मूर्ती.)

हे चौघं व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या सोबतीनं मध्य आशियातून चीनमध्ये गेले. तिथल्या भाषांतरकारांनी नावांचे अर्थ लावले. धृतराष्ट्र म्हटलं की आपल्याला आंधळा राजाच आठवतो. चिनी भाषांतरकारांना महाभारत ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी शब्द उकलला : राष्ट्र धारण करणारा. विरूढक, म्हणजे वाढ करणारा. विरूपाक्ष, विशाल डोळ्यांचा. आणि वैश्रवण या नावातलं ‘श्रवण’ त्यांनी नेमकं ऐकलं. तो झाला पुष्कळ ऐकलेला. आपल्या शब्दात सांगायचं तर बहुश्रुत.

चिनी विहारात एकाच्या हातात तलवार असते, एकाच्या हातात वीणेसारखं वाद्य, एकाकडे छत्री, एकाकडे साप. चारही मिळून एक मागणं होतं : वारा वेळेवर वाहो, पाऊस बेतानं पडो.

(दृश्य : जपान. ओसाका, मग नारा.)

जपानच्या इतिहासग्रंथात नोंद आहे, की ५८७ च्या लढाईत तरुण शोतोकु राजपुत्रानं या चौघांना नवस केला. त्यातून ५९३ मध्ये ओसाकात उभं राहिलं शितेन्नोजी, म्हणजे चार देवराजांचं मंदिर. नाऱ्याच्या तोदाईजी मंदिरात आठव्या शतकातल्या चार मातीच्या मूर्ती आहेत. त्यांतला कोमोकुतेन म्हणजे आपला विरूपाक्ष. हातात शस्त्र नाही, कुंचला आणि गुंडाळी. नाव ‘विशाल डोळ्यांचा’, पण मूर्तिकारानं ते डोळे बारीक केलेत, फार लांबचं काहीतरी निरखत असल्यासारखे. आणि चौघांच्याही पायाखाली एकेक भूत दबलेलं आहे. भारहूतच्या कुबेराच्या पायाखालची ती आकृती इथं डोळ्यांसमोर येतेच.

आपले आठ जणही तिथवर पोचले. क्योतोच्या तोजी मंदिराच्या बारा देवांच्या चित्रांचा जुना संच आगीत गेला, म्हणून ११२७ मध्ये नवा काढला. तो आज क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात इंद्र, अग्नी, यम, वरुण, वायू सगळे आहेत. वर ब्रह्मा, खाली पृथ्वी, शिवाय चंद्र-सूर्य. यमाला तिथं एन्मातेन म्हणतात. ईशान्येच्या देवाचं नाव ऐका : इशानातेन.

(दृश्य : खिद्रापूर, कोल्हापूर जिल्हा. कृष्णेचा काठ. पावसाळी आभाळ.)

परत येऊ आपल्या मुलखात. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. स्वर्गमंडपात शिरलं की खांबांच्या वर, आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल दिसतात. इतर देवळांत छताच्या मधोमध, या आठांच्या घेऱ्यात, एखादा देव कोरलेला असतो. इथं मधोमध काही नाही. तेरा फुटांचं गोल मोकळं आभाळ आहे, आणि बरोबर त्याच्या खाली तेवढीच गोल शिळा. जूनच्या दुपारी नैऋत्येकडून ढग येतात, आणि पहिली सर त्या गोलातून सरळ शिळेवर उतरते. खांबांच्या आडोशाला उभी असलेली माणसं मागे सरत नाहीत, ती वर बघत राहतात.