नस बोलते आहे का?

"गाठ निघाली, नस वाचली." ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेले सर्जन असं म्हणाले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. मंडळी, मला आज त्याच्या पुढचं बोलायचं आहे. मायक्रोस्कोपखाली अखंड दिसणारी कानाची नस मुकी असू शकते.

गेल्या गणपतीनंतर आमच्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगते. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी; एनएफ-टू हा आनुवंशिक आजार. एक कान आधीच गेलेला, दुसराही गेल्यातच जमा. त्या म्हणाल्या, "लक्ष्मी रोडला ढोल छातीत वाजतो, कानात नाही." आपण पुणेकर त्या आवाजाला कंटाळतो. त्यांचं हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

अशा वेळी दोन वाटा असतात. नस जिवंत असेल तर कॉक्लिअर इम्प्लांट: कानातल्या शंखात इलेक्ट्रोड सरकवायचा आणि विजेनं थेट नसेला चेतवायचं. नस गेली असेल तर ब्रेनस्टेम इम्प्लांट, म्हणजे इलेक्ट्रोडची पट्टी थेट मेंदूच्या देठावर. लॉस एंजेलिसमध्ये १९७९ साली ते पहिल्यांदा बसवलं गेलं. त्यानं आवाजाची चाहूल लागते, ओठ वाचायला मोठी मदत होते. पण या आजारात नुसत्या ऐकण्यावर बोलणं समजणं थोड्यांनाच साधतं. नस चांगली असेल तर कॉक्लिअरनं ते बऱ्याच जणांना साधतं. म्हणून चुकीची वाट धरणं परवडत नाही.

एमआरआयमध्ये नसेची जाडी दिसते, काम दिसत नाही. म्हणून गाठ काढल्यावर, जखम उघडी असतानाच, आम्ही शंखात एक बारीक चाचणी-इलेक्ट्रोड घालतो. विजेचे शेकडो ठोके देतो आणि डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून येणाऱ्या उत्तरांची सरासरी काढतो. नस काम करत असेल तर आलेखावर लाटा उमटतात; संदेश मेंदूकडे जाताना लागणाऱ्या टप्प्यांप्रमाणे त्यांना क्रमांक दिलेले असतात. ठोक्यानंतर साधारण २ मिलिसेकंदांनी तिसरी लाट आणि ४ मिलिसेकंदांनी पाचवी लाट उमटते. आवाज ऐकवून हीच चाचणी केली तर पाचवी लाट साडेपाच-सहापर्यंत रेंगाळते, कारण आवाजाला पडद्यापासून शंखातून वाट काढत यावं लागतं.

खरी मेहनत पुढे आहे. चेहऱ्याची नस शेजारीच असते. तीही चेतली तर स्नायूंची मोठी लाट येते आणि नवखा माणूस फसतो. स्नायू सैल करणारं औषध दिलं की ती लाट जाते. पण गाठ काढताना चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवायचं, तर तेच औषध चालत नाही. त्यामुळे भूलतज्ज्ञांशी वेळ आधीच ठरवावी लागते. आणि लाट आली नाही म्हणून लगेच नस मेली असंही म्हणू नये. ओढाताणीनं ती सुन्न झालेली असू शकते. थांबावं, इलेक्ट्रोडची जागा बघावी, पुन्हा ठोके द्यावेत. "नंतर बघू" म्हणणं मात्र धोक्याचं: शंखाचा रक्तपुरवठा तुटला असेल तर आत हाड धरत जातं आणि इलेक्ट्रोड शिरत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंनी वहीत लिहून विचारलं, "कोणतं यंत्र बसवलं, ते मला उठल्यावरच कळणार?" मी "हो" लिहिलं. दोन्ही यंत्रांसाठी त्यांची संमती घेतली.

त्या शुद्धीवर आल्या तेव्हा डोक्याला पट्टी होती, डोळे माझ्याकडे. मी त्याच वहीत लिहिलं : पाचवी लाट आली. कॉक्लिअर बसवलंय. जखम भरली की चालू करू.