दगड विकला, घर उरलं

नमस्कार श्रोतेहो.

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात लोक जातात ते राजवाडे बघायला. शांबोर बघतात, सोम्यूरचा किल्ला बघतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने पॅरिसला परततात. मी आज बोलणार आहे ती तिथल्या दगडखाणींबद्दल, आणि त्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेल्या माणसांबद्दल.

सोम्यूरच्या आसपासच्या या पांढऱ्या चुनखडकाला तिथे त्यूफो म्हणतात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी त्या भागात समुद्र होता, त्याच्या तळाशी हा साचला. खाणीत असताना इतका मऊ की करवतीने कापता येतो. हवा लागली की टणक होतो. नदी शेजारीच, त्यामुळे चिरे सपाट तळाच्या होड्यांतून दूरवर जायचे. तिकडे वाडा उभा राहायचा, इकडे टेकडीच्या पोटात खोली तयार व्हायची. दगड विकला, घर उरलं. दर्शनी बाजूला भिंत घालायची, तिला दार-खिडकी बसवायची, वर धुराडं काढायचं आणि राहायला जायचं.

सोम्यूरपासून सुमारे २० किलोमीटरवर रोशमेनिए गाव आहे. तिथे टेकडीसुद्धा नाही, सगळं सपाट रान. मग तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनीतच मोठा चौक खणला आणि त्याच्या चहूबाजूंनी आडव्या खोल्या कोरल्या. निजायची खोली, गोठा, धान्याचं कोठार, सगळं जमिनीखाली. आपण शेताच्या कडेने चालत असतो, गाव कुठे दिसत नाही, आणि गवतातून एक धुराडं वर आलेलं दिसतं! तिथल्या दोन जुन्या शेतघरांचं आता संग्रहालय झालंय. जमिनीखालचं प्रार्थनागृहही आहे, तेही बघा.

आता तुम्हाला फुएची संध्याकाळ सांगते. आमच्या घरी आलेला पाहुणा ही ऐकल्याशिवाय जात नाही.

फुए म्हणजे पावाच्या कणकेची छोटी चानकी. पूर्वी पाव भाजायच्या आधी भट्टी पुरेशी तापली का, हे बघायला कणकेचा एक तुकडा आत टाकत. तो फुगला की भट्टी तयार. आता त्या भागात खडकातल्या जुन्या दालनांमध्ये फुएचं जेवणच मिळतं. आम्ही गेलो तेव्हा बरोबर माझ्या जाऊबाई होत्या आणि तिकडे शिकणारी भाची होती. दालनात लाकडाची भट्टी, लांब दांड्याचं फावडं घेतलेले एक वयस्क गृहस्थ, आणि फोनला रेंज नाही. सगळी टेबलं एकमेकांशी बोलत होती. जेवायच्या जागी मोठ्याने गाणी लावणाऱ्या आपल्या हॉटेलवाल्यांना तिथे एकदा नेऊन बसवायला हवं.

फावडं आत गेलं, आणि बघता बघता ती चानकी आपल्या फुलक्यासारखी टम्म फुगली. जाऊबाई उठल्याच. चाळीस माणसांच्या पोळ्या एकटीने लाटणारी बाई ती, खुर्चीवर बसेल कशी? भट्टीपाशी गेल्या आणि खुणेनेच लाटणं मागितलं. गृहस्थांनी दिलं. बाईंनी सवयीप्रमाणे सरसर गोल पातळ पोळी लाटली. गृहस्थ भाचीला म्हणाले, "फार पातळ झाली, सांग त्यांना." जाऊबाई म्हणाल्या, "टाका हो तुम्ही!" त्यांनी टाकली. ती फुगली नाही, कुरकुरीत होऊन बाहेर आली. गृहस्थांनी तिच्यावर खारं लोणी फासलं आणि सगळ्यांदेखत उभ्या उभ्या खाऊन टाकली. मग दुसरी लाटायला लावली, जाड. ती काय फुगली म्हणता! सगळ्या टेबलांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आमचं ताट काही रिकामं राहिना. फुए फोडायची, आत शिजवलेला पांढरा घेवडा, अळंबी, शेळीच्या दुधाचं चीज भरायचं आणि गरम गरम खायची. जेवण आटोपल्यावर गृहस्थ आम्हाला दिवा घेऊन मागच्या खोलीत घेऊन गेले. भिंतीवर टिकावाचे तिरपे घाव. ते म्हणाले, "हे माझ्या आजोबांच्या हातचे. वडील जन्मले त्या हिवाळ्यात त्यांनी ही खोली काढली." जाऊबाईंनी त्या घावांवरून हात फिरवला आणि विचारलं, "खर्च किती आला?" भाचीने विचारलं. उत्तर आलं, "खर्च कसला? दगड विकला ना!" तेच ते, श्रोतेहो. दगड विकला, घर उरलं.

छताला एक भोक होतं. वरच्या मळ्यातली द्राक्षं त्यातून थेट खालच्या घाण्याशी सोडत. शेत छपरावर आणि कारखाना पोटात! अशा छपराचे शत्रू दोन, पावसाचं मुरणारं पाणी आणि झाडांची मुळं. म्हणून वरच्या जमिनीचीही घरासारखीच निगा राखावी लागते.

आत बारा महिने हवा साधारण १२ अंशांच्या आसपास. बाहेर ऊन असो की बर्फ, आत फारसा फरक नाही. पुण्यात पश्चिमेला काचेच्या भिंती उभारायच्या आणि मग दिवसभर एसी लावायचा, हे मला तेव्हापासून अजिबात बघवत नाही. तुम्ही जाल तेव्हा शाल न्या. जुलैत गेलात तरी शाल न्या. याच गारव्यामुळे रिकाम्या खाणींत अळंबीची शेती आली, वाइनची तळघरं आली.

नदीकाठच्या त्युरकाँ गावातही जा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फायलोक्सेरा किडीने द्राक्षमळे बसले, तेव्हा तिथल्या लोकांनी सफरचंदांवर भर दिला. सोलून खडकातल्या भट्ट्यांमध्ये दिवसचे दिवस सुकवायची, मग ठोकून चपटी करायची आणि परदेशी पाठवायची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो धंदा बंद पडला. पुढे गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला, त्याच गुहांमध्ये. ही सफरचंदं तिथे वाइनमध्ये शिजवून देतात, पण थोडी कोरडी बांधून मागा. पाण्यात शिजवून वर वेलची घातली की फार छान लागतात.

नमस्कार.