आपल्या नाल्याचं पाणी कुठं जातं?

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्रकिनाऱ्याचं पाणलोट क्षेत्र जपा, असं सोलापुरात सांगायला गेलं की माणसं हसतात. आपल्याकडं पावसाचीच मारामार, त्यात समुद्र कुठला! हसा खुशाल. पण एवढं सांगा, तुमच्या गल्लीतलं पावसाचं पाणी जातं कुठं? गटारात. पुढं? नाल्यात. त्याच्या पुढं बहुतेकांची गाडी अडते.

सोलापूरच्या आदिला नदीचं पाणी सीनेला, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला. संगम बघायला, कोरीव शिवलिंग बघायला आपण तिथं जातो, पण पुढं पाणी कुठं निघालं हे विचारत नाही. भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेत मिसळते. मग श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, आणि शेवटी आंध्राच्या किनाऱ्यावर बंगालचा उपसागर. भीमा उगम पावते त्या भीमाशंकरहून अरबी समुद्र जवळ, तरी ही बाई उलट्या दिशेनं अख्खं दख्खन तुडवत निघाली.

आता घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट. पहिला मोठा पाऊस झाला की शेताकडेच्या ओढ्यातलं गढूळ पाणी बाटलीत भरून आणा आणि दोन काचेच्या ग्लासांत ओता. एकात चमचाभर मीठ घालून ढवळा, दुसरा तसाच ठेवा. आपली काळी माती फार बारीक. साध्या पाण्यात तिचे कण एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळं पाणी कितीतरी वेळ चहासारखं राहतं. मिठाच्या पाण्यात हे लोटणं कमी होतं, कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. नदी खाऱ्या पाण्याला भिडते तिथंही हेच घडतं. कृष्णेच्या मुखाशी भातशेतीची सुपीक जमीन तयार झाली ती अशाच गाळातून. हजारो वर्षं त्यात आपल्याकडची मातीही गेली.

आता मात्र तो गाळ वाटेतल्या धरणांत अडकतो. किनाऱ्याला नवी माती मिळत नाही आणि लाटा जुनी खात राहतात. मग इथली माती वाहू द्यायची का? छे! ती समुद्रापर्यंत पोचतच नाही, तलाव तेवढे उथळ करते. बांधबंदिस्ती नीट नसेल तर रानाचंही नुकसान आणि तलावाचंही.

विरघळलेलं खत मात्र गाळासारखं तळाशी बसत नाही. उसाला हात सैल सोडून युरिया टाकला आणि वर पाट भरून पाणी दिलं, की पिकानं न घेतलेला नत्र ओढ्याला लागतो. त्यात शहरांचं सांडपाणी मिसळतं. उजनीचं हिरवं पाणी, भीमेवर पसरणारी जलपर्णी ही त्याचीच लक्षणं. पुण्याकडून मैला येतो म्हणून आपण ओरडतो, आणि ओरडायलाच हवं. पण आपल्या खालीही माणसं राहतात. पार टोकाला खारफुटीच्या आडोशानं कोळंबी-खेकडे धरणारा कोळी आहे. पुण्याकडं बोट दाखवताना तोही आपल्याकडं बघत असेल, एवढं ध्यानात असू द्या.

शाळांतून डॉल्फिन-कासवांची चित्रं रंगवून घेतात. हौस म्हणून ठीक, पण माझ्या मते त्यानं इथं फारसं काही साधत नाही. त्यापेक्षा पोरांना घेऊन नाल्याच्या काठानं एक फेरी मारा. कपडे रंगवल्याचं रंगीत पाणी कुठून येतं, कॅरीबॅग कुठल्या मोरीत अडकतात, कुणाचं गटार थेट नाल्यात सोडलंय, हे पोरं बरोबर हेरतात आणि भर चौकात मोठ्यानं बोलूनही दाखवतात. बचत गटाच्या बैठकीत, गणेश मंडळात त्या दोन ग्लासांचा प्रयोग करा. खर्च चमचाभर मिठाचा.

एखादी आजी म्हणेल, तुरटी फिरव की, लगेच निवळतंय. तिचंही बरोबर आहे. पण या प्रयोगाला मीठच घ्या. समुद्रात तुरटी नसते.

नमस्कार.